एका चंद्राचे दोन चंद्र : मधुमेहातील द्विदृष्टी आणि तिच्या नावांचा प्रश्न

ब्रह्मसूत्रांवरील भाष्याच्या प्रारंभी, ‘अध्यासभाष्य’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात, शंकराचार्यांनी भ्रमाची दोन लौकिक उदाहरणे दिली आहेत. शिंपल्याच्या ठिकाणी रुपे भासणे हे पहिले. आणि चंद्र एकच असताना त्याच्या जोडीला दुसरा असल्यासारखे दिसणे हे दुसरे. त्यांच्या पूर्वी बौद्ध आचार्य दिङ्नागाने ‘आलंबनपरीक्षे’त हाच दुसरा चंद्र आपल्या युक्तिवादासाठी उपयोगात आणला होता. भारतीय तत्त्वचर्चेत हा दृष्टांत इतका रुळला, की ज्या मनुष्याला खरोखरच दोन चंद्र दिसत होते, त्याचा मात्र विसर पडला. तत्त्वज्ञाला त्या दुसऱ्या चंद्राची सत्ता तपासावयाची होती. वैद्याला, तो ज्याला दिसतो त्याचे डोळे तपासावयाचे असतात.

अशा मनुष्यांपैकी काही आज मधुमेही असतात. पन्नाशी ओलांडलेला एखादा गृहस्थ सकाळी उठतो, आणि दारात उभी असलेली एक व्यक्ती त्याला दोन दिसते. कधी आदल्या एकदोन दिवसांत भुवईच्या मागे ठणका लागलेला असतो. कधी वेदना मुळीच नसते. एक पापणी खाली आलेली असते, किंवा एक डोळा बाहेरच्या बाजूस वळतच नाही. घरात लगेच एक वाक्य उच्चारले जाते: ‘साखरेने डोळे गेले’. या वाक्यातील प्रत्येक शब्द सहानुभूतीचा असला, तरी या विशिष्ट विकारापुरता तो चुकीचा आहे. डोळे गेलेले नसतात; बिघाड डोळ्यांत नसतोच; बहुतेक वेळा डोळ्यांच्या स्नायूंतही नसतो. आणि तो ‘साखरेने’च झाला असे परीक्षेवाचून गृहीत धरणे काही प्रसंगी प्राणावर बेतू शकते. नाव आणि वस्तू यांच्यातील हे अंतर हा येथे केवळ भाषाशास्त्राचा प्रश्न उरत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख, म्हणजे प्रौढ लोकसंख्येच्या ११.४ टक्के आहे. डोळ्यांच्या हालचालींचा हा विकार त्यांच्यापैकी थोड्यांनाच होतो. ढोबळ मानाने शंभरांत एखाद्याला, किंवा त्याहूनही कमी जणांना. परंतु मूळ संख्याच एवढी मोठी असल्यामुळे हे ‘थोडे’ही लक्षावधींच्या घरात जातात.

डोळे जोडीने कसे फिरतात

प्रत्येक डोळा फिरविण्यासाठी सहा स्नायू असतात: चार सरळ आणि दोन तिरके. पापणी उचलण्यासाठी आणखी एक स्नायू असतो. या स्नायूंना आज्ञा पोचविणाऱ्या मज्जातंतूंना विश्वकोशात ‘तंत्रिका’ आणि शालेय पुस्तकांत ‘चेता’ अशी नावे आहेत. व्यवहारात ‘मज्जातंतू’ हाच शब्द रूढ आहे. मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी तिसरी, चौथी आणि सहावी अशा तीन जोड्यांकडे डोळ्यांच्या हालचालीचे काम आहे. सहावा मज्जातंतू केवळ एका स्नायूचा स्वामी आहे. तो डोळा कानाच्या बाजूस वळवितो. चौथ्याकडेही एकच स्नायू. त्याचा दोर एका छोट्या कप्पीतून ओवलेला असून नजर खाली नेण्यास, विशेषतः डोळा नाकाकडे वळलेला असताना, त्याची मदत होते. उरलेला सगळा संसार तिसऱ्याचा आहे: चार स्नायू, पापणी उचलणारा स्नायू, आणि बाहुली लहान करणारे तंतू.

दोन डोळे म्हणजे दोन स्वतंत्र चित्रे. ती मेंदूत एकच होतात, ती दोन्ही डोळे एकाच बिंदूवर अचूक रोखलेले असतात म्हणून. एक डोळा जरासा मागे राहिला, तरी दोन्ही चित्रे एकमेकांवर बसत नाहीत आणि एका वस्तूच्या दोन होतात. यालाच द्विदृष्टी म्हणावयाचे. तिची खूण सोपी आहे. कोणताही एक डोळा हाताने झाकला की दुसरी वस्तू नाहीशी होते. कारण दोष एका डोळ्यात नसून दोहोंच्या संबंधात असतो.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात दृष्टिगत रोगांचे वर्णन करताना, दोषाच्या स्थानानुसार एक वस्तू दोन किंवा अनेक दिसू लागते, असे म्हटले आहे. तेथे विचार चालला आहे तो डोळ्याच्या आतील पटलांचा. मोतीबिंदूच्या आरंभी एकाच डोळ्याला दोन किंवा तीन चंद्र दिसू शकतात, आणि तेव्हा दुसरा डोळा झाकल्याने काहीही फरक पडत नाही. तत्त्वज्ञांचा द्विचंद्र या दोहोंपैकी कोणताही असू शकेल. वैद्याला मात्र निवड करावी लागते, आणि त्यासाठी तळहाताएवढे साधन पुरते. ‘दोन दिसते’ असे रुग्णाने म्हटल्यावर ‘एक डोळा झाकल्यावरही दोनच दिसते काय?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

कोणता मज्जातंतू दुर्बल झाला, हेही रुग्णाच्या साध्या बोलण्यातून बरेचसे कळते. ‘दूरचे दोन दिसते, शेजारी शेजारी दिसते, एका बाजूस पाहिले की अंतर वाढते’ असे तो म्हणत असेल, तर सहाव्याकडे बोट जाते. ‘जिना उतरताना पायरीवर पायरी दिसते, वाचताना ओळीवर ओळ चढते’ अशी तक्रार चौथ्याची असते. असा रुग्ण नकळत मान एका खांद्याकडे कलती ठेवतो, आणि घरचे लोक ते मानेचे दुखणे समजतात. तिसरा मज्जातंतू पूर्ण दुबळा झाला, तर पापणी मिटते आणि डोळा बाहेर व किंचित खाली ओढला जातो. गंमत अशी, की मिटलेल्या पापणीआड द्विदृष्टी लपून राहते. पापणी बोटाने उचलली म्हणजे दुसरी वस्तू प्रकट होते. मधुमेहात तिसरा आणि सहावा हे अधिक वेळा सापडतात, चौथा त्या मानाने कमी.

उपासमार तंतूची, अशक्तपणा स्नायूचा

या विकारास सामान्यतः ‘डोळ्याच्या स्नायूंचा अशक्तपणा’ असे म्हणतात. बाह्यतः पाहता ते खरे आहे; स्नायू काम करीत नाही हे दिसते. परंतु स्नायू धडधाकट असतो, त्याला आज्ञाच पोचत नाही. मज्जातंतू हा जिवंत दोर आहे. त्याच्या अंतर्भागाला रक्त पुरविणाऱ्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात. दीर्घकाळ वाढलेली साखर, आणि जोडीला बहुधा वाढलेला रक्तदाब व वय, यांमुळे या वाहिन्यांच्या भिंती जाड होतात आणि त्यांची पोकळी अरुंद होते. एखाद्या ठिकाणी पुरवठा तुटला, की तंतूचा तेवढा तुकडा उपाशी पडतो.

हे केवळ अनुमान नाही. ड्रायफस, हाकिम आणि अ‍ॅडम्स यांनी १९५७ साली, आणि अ‍ॅस्बरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० साली, अशा विकाराच्या मधुमेही रुग्णांच्या मज्जातंतूंची मरणोत्तर सूक्ष्म तपासणी प्रसिद्ध केली. तंतूच्या मध्यभागी मर्यादित जखम आढळली. तंतूंवरील स्निग्ध आवरण तेथे नष्ट झाले होते. त्या मानाने आतील धागे मात्र बरेचसे शाबूत होते. या शेवटच्या निरीक्षणातच आशेचे कारण आहे. धागा तुटला असता, तर तो पुन्हा वाढून नेमक्या स्नायूपर्यंत जाण्यास पुष्कळ काळ लागला असता आणि वाटही चुकली असती. आवरण मात्र पुन्हा तयार होऊ शकते. म्हणूनच या विकारातील बहुसंख्य रुग्णांची दृष्टी सुमारे तीन महिन्यांत, क्वचित सहा महिन्यांपर्यंत, पूर्ववत होते.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हा विकार मधुमेहाच्या तीव्रतेच्या प्रमाणात होतोच असे नाही. सौम्य मधुमेहातही तो उद्भवतो. क्वचित तो मधुमेहाची पहिली ओळख ठरतो, आणि द्विदृष्टीसाठी आलेल्या मनुष्याला आपल्याला मधुमेह असल्याचे त्याच दिवशी कळते.

बाहुलीची साक्ष

डोळ्याच्या मध्यातील काळ्या ठिपक्याला मराठीत ‘बाहुली’ म्हणतात, हिंदीत ‘पुतली’. संस्कृत ‘कनीनिका’ या शब्दात लहान मुलीचा अर्थ आहे. लॅटिनमधील ‘प्युपिला’चाही अर्थ तोच. समोरच्याच्या डोळ्यात स्वतःचे बाहुलीएवढे प्रतिबिंब दिसते, या अनुभवातून दूरदूरच्या भाषांनी हे एकच रूपक घडविले. या विकारात नेमकी हीच बाहुली साक्षीला उभी राहते.

तिसऱ्या मज्जातंतूतील बाहुली लहान करणारे तंतू त्याच्या पृष्ठभागाजवळून जातात, आणि त्यांना बाहेरील आवरणातील वाहिन्यांचेही रक्त मिळते. मधुमेहातील उपासमार गाभ्यात होते. त्यामुळे पापणी मिटलेली, डोळा वळत नाही, आणि तरीही बाहुली दुसऱ्या डोळ्यातील बाहुलीएवढीच असून उजेडात ती नीट आकसते, असे विलक्षण दृश्य दिसते. गोल्डस्टाइन आणि कोगन यांनी १९६० साली मधुमेहातील या लक्षणाचे महत्त्व विशेषत्वाने मांडले.

याउलट, मेंदूच्या तळाशी असलेल्या एखाद्या धमनीला फुगा आला, तर तो तिसऱ्या मज्जातंतूला बाहेरून दाबतो. बाहेरून दाब आला की प्रथम पृष्ठभागाचे तंतू सापडतात, आणि बाहुली मोठी होऊन तशीच राहते. हा फुगा फुटला, तर मेंदूभोवती रक्तस्राव होऊन काही तासांत मृत्यू येऊ शकतो. म्हणून पापणी मिटलेली आणि बाहुली विस्फारलेली असेल, तर रुग्णाला मधुमेह आहे की नाही हा प्रश्न दुय्यम ठरतो. त्याच दिवशी मेंदूतील रक्तवाहिन्यांचे चित्र काढणे आवश्यक असते.

बाहुलीची साक्ष मोलाची असली, तरी ती अखेरची नव्हे. काही मधुमेही रुग्णांत बाहुली किंचित मोठी होते; आणि दाबाचा आरंभ असताना ती काही दिवस निर्दोष दिसू शकते. डोळ्याची हालचाल अर्धवटच गेली असेल, तर बाहुली ठीक आहे एवढ्यावर विसंबता येत नाही. त्यामुळे तिसऱ्या मज्जातंतूच्या विकारात चित्रपरीक्षा करण्याकडेच आज वैद्यांचा कल आहे. दोन किंवा अधिक मज्जातंतू एकदम निकामी होणे, तीन महिन्यांनंतरही सुधारणा न दिसणे, किंवा बरे होताना खाली पाहिले असता पापणी उलट वर चढणे, या गोष्टी मधुमेहाच्या खात्यावर टाकता येत नाहीत. त्यांचे कारण अन्यत्र शोधावे लागते.

योगायोग असा, की मूत्राच्या गोडीकडे १६७४ साली युरोपीय वैद्यांचे लक्ष वेधणारा आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या धमन्यांच्या वर्तुळाचे १६६४ साली सविस्तर वर्णन करणारा वैद्य एकच, इंग्लंडमधील टॉमस विलिस. ते वर्तुळ आजही त्याच्याच नावाने ओळखले जाते. ज्या दोन कारणांमध्ये आजच्या वैद्याला निवड करावी लागते, त्या दोहोंवर एकाच मनुष्याचा हात फिरून गेला आहे.

नावे काय दाखवितात, काय झाकतात

गोड मूत्राची ओळख भारतात विलिसच्या कितीतरी आधीची आहे. चरक आणि सुश्रुत यांनी प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले, आणि ‘मधुमेह’ हा त्यांतील वातज प्रकारांत गणला. चरकाने मुंग्यांचेही निरीक्षण नोंदविले आहे. पुढे हा शब्द मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्या रोगाचे नाव झाला. मलयाळममध्ये ‘प्रमेहम्’ हेच नाव चालते. बंगालीत ‘बहुमूत्र’ असा शब्द आहे, तर तमिळमधील ‘नीरिळिवु’ पाणी निघून जाण्याकडे निर्देश करतो. ग्रीक ‘डायबिटीस’ या शब्दातही आरपार वाहून जाण्याचाच अर्थ आहे. मराठी बोलीत तर ‘त्यांना साखर आहे’ एवढे म्हटले तरी पुरते.

या सर्व नावांचे एक साम्य लक्षणीय आहे. ती एकतर मूत्राबद्दल बोलतात किंवा गोडीबद्दल. शरीरातून काय बाहेर पडते ते ती सांगतात. आत काय घडते ते सांगत नाहीत. १९२१ साली टोरांटो येथे इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वी तीव्र मधुमेहाचा रुग्ण फार काळ जगत नसे, आणि हे वर्णन बरेचसे पुरे पडे. इन्सुलिनमुळे रुग्ण दीर्घायुषी झाला आणि रोगाचे दुसरे रूप ठळकपणे पुढे आले: सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा आणि मज्जातंतूंचा रोग. जुन्या नावांत या रूपाला जागा नाही. त्यामुळे साखर आणि डोळा यांचा संबंध सांगताना लोकभाषेपाशी एकच क्रियापद उरते: ‘जाणे’. दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्या फुटून दृष्टी कमी झाली, तरी ‘डोळे गेले’; मोतीबिंदू लवकर आला, तरी ‘डोळे गेले’; आणि एका मज्जातंतूची तीन महिन्यांची उपासमार झाली, तरीही ‘डोळे गेले’च.

या तीन अवस्थांचे भवितव्य अगदी भिन्न आहे. दृष्टिपटलाची हानी बव्हंशी परत मिळत नाही. तिला वेळीच रोखावे लागते. मोतीबिंदू शस्त्रक्रियेने दूर होतो. द्विदृष्टी बहुधा आपोआप ओसरते. तिन्हींना एकच शब्द वापरल्याने दोन प्रकारची हानी होते. ज्याचे डोळे गेलेले नाहीत, तो गेले असे समजून खचतो, कामधंदा सोडतो, लोकांत जाण्यास लाजतो. कारण मिटलेली पापणी आणि तिरळा डोळा यांना समाजाने पूर्वीपासून चेष्टेचा विषय केले आहे. आणि ज्याच्या मेंदूत धमनीचा फुगा आहे, तो ‘साखरेचे आहे, चालायचेच’ म्हणून घरी थांबतो. पहिल्याला निष्कारण निराशा येते, दुसऱ्याला घातक निश्चिंती.

२०२१ साली भारताने आणखी एका नावाचा अनुभव घेतला. कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्यूकरमायकोसिस या बुरशीजन्य रोगाचे ४०,०००हून अधिक रुग्ण नोंदले गेले. त्यांत मधुमेहींचे प्रमाण मोठे होते. वृत्तपत्रांनी त्याला ‘काळी बुरशी’ म्हटले. वस्तुतः बुरशी काळी नसते. तिने रक्तवाहिन्या बंद पाडल्यामुळे मेलेली ऊती काळी पडते. नाकाशेजारच्या पोकळ्यांतून ही बुरशी डोळ्याच्या खोबणीत उतरली, म्हणजे पापणी मिटते, डोळा सुजून स्थिर होतो आणि दृष्टी जाते. डोळा न वळणे हे लक्षण तेच. परंतु येथे वाट पाहण्यास तीन महिने नसतात, काही तासच असतात. साखर अनियंत्रित असलेल्या मनुष्याचा चेहरा सुजला, गाल बधिर झाला, नाकातून काळपट स्राव आला आणि डोळा थांबला, तर त्यास साध्या द्विदृष्टीचे नाव देऊन चालत नाही.

याशिवाय दिवस चढेल तशी वाढणारी आणि विश्रांतीने कमी होणारी दुर्बलता मज्जातंतू व स्नायू यांच्या सांध्यातील रोगाची असू शकते. अवटू ग्रंथीच्या विकारात स्नायूच सुजतात. आणि वृद्धांत कानशिलाच्या धमनीचा दाह असाच आरंभ करतो. मधुमेह हे यांतील प्रत्येकाला झाकून टाकण्याइतके परिचित नाव आहे.

उपचार आणि प्रतीक्षा

अन्य कारणे वगळली गेली, म्हणजे उपचार साधा असतो. एक डोळा पट्टीने झाकला की द्विदृष्टी थांबते आणि चालणे, जेवणे, वाचणे पुन्हा सुरू होते. दोन प्रतिमांतील अंतर थोडे असेल, तर चष्म्यावर त्रिकोणी काच बसवून त्या जुळविता येतात. या काळात वाहन चालविणे टाळावे लागते, आणि जिना उतरताना कठड्याचा आधार घ्यावा लागतो. एका डोळ्याने पायरीची खोली नीट कळत नाही. साखर, रक्तदाब आणि तंबाखू यांवरील नियंत्रण तंतूला लगेच बरे करीत नाही. ते उरलेल्या तंतूंच्या रक्षणासाठी असते, कारण हा विकार काही वर्षांनी दुसऱ्या मज्जातंतूत किंवा दुसऱ्या डोळ्यात पुन्हा उद्भवू शकतो. सहा महिन्यांनंतरही डोळा तिरळा राहिला आणि त्याची स्थिती पक्की झाली, तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो.

या सगळ्या व्यवहारात यंत्रांच्याही आधी येते ते रुग्णाचे वाक्य. ‘अंधुक दिसते’, ‘दोन दिसते’, ‘पापणी उचलत नाही’, ‘दिसतच नाही’ ही चार वाक्ये चार वेगळ्या दिशा दाखवितात. बोलीभाषेत ती चारही स्वतंत्र आहेत. त्यांसाठी नवी परिभाषा घडविण्याची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती ‘डोळे गेले’ या सरसकट उद्गाराखाली ती दडपली जाऊ नयेत याची. आरोग्यविषयक मजकूर इंग्रजीतून भारतीय भाषांत आणताना अनुवादक ‘स्नायूंची दुर्बलता’ असे लिहून मोकळा होतो, तेव्हा शब्द बरोबर असतो आणि बोध अपुरा राहतो. ‘डोळा वळविणाऱ्या मज्जातंतूचा रक्तपुरवठा तुटला आहे, एक डोळा झाकून पाहा, बाहुली मोठी दिसल्यास आजच रुग्णालयात जा’ एवढे लांब लिहिल्यानेच तो पुरा होतो.

दिङ्नाग आणि शंकराचार्य यांच्यासाठी दुसरा चंद्र खोटा होता, आणि त्याच्या खोटेपणातच त्याचे मोल होते. रुग्णाच्या बाबतीत दुसरा चंद्र खोटा असला, तरी तो दिसतो ही गोष्ट खरी असते. घरातील कोणी पहिल्याच दिवशी ती ऐकून घेतली आणि रुग्णाला एक डोळा झाकावयास सांगितले, तर पुढील वाट पुष्कळशी सोपी होते.